गाडीले ऊन लागलं!

आधी नाव सांगतो, हकीकत मागाहून. कौतिकाबाई. कारंज्याहून मंगरुळाकडे निघालं की गावाची शेवटची घरं संपतात, तिथं उजव्या हाताला त्यांचा भाजीचा मळा. वांगी, पालक, कारली, कोथिंबीर, आणि या सगळ्यांच्या वरून ऐकू येणारा त्यांचा आवाज. माझी नोकरी राहिली ती त्यांच्यामुळे. नोकरी राहिली म्हणून कोकणात माझ्या आईची चूल पेटती राहिली. एवढं मोठं काम त्यांनी केलं ते गाडीतलं ओ की ठो कळत नसताना. आणि कळत नाही हे त्या कबूल करत ते फक्त माझ्यावर खापर फोडायचं असेल तेव्हा.

मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस. चार ओळी लिहिल्या की मला घाट चढल्यासारखा घाम येतो. पण ही बाई कागदावर उतरली नाही तर माझ्या डोक्यात ओरडत राहील, म्हणून लिहितो.

कारंज्याच्या एका सेठजींचा कापसाचा जिनिंग कारखाना होता. एक साल कापसानं हात दिला तेव्हा त्यांनी मुंबईहून एक जुनी पण थाटाची अमेरिकन गाडी घेतली, आणि गाडीबरोबर मलाही. तोवर मी बंदरावर लारी चालवीत होतो. ही गाडी म्हणजे नुसतं धूड. कैरीच्या रंगाची, आणि इतकी लांब की तोंड चौकातून वळलं तरी शेपूट मागच्या गल्लीतच. पण खरं नवल तिच्या स्टीअरिंगचं. इंजिनाच्या जोरावर एक लहानसा पंप तेल ढकली, ते तेल चाकं वळवायला जोर लावी आणि पुन्हा आपल्या डब्यात परत येई. एका बोटानं गाडी वळे. सेठजी पाहुण्यांना गाडीत बसवत आणि मला म्हणत, "भाऊ, जरा एक बोट दाखव." मी करंगळीशेजारचं बोट चाकावर ठेवून गाडी गर्रकन फिरवी. पाहुणे "अरे वा" म्हणत आणि सेठजी मिशीतल्या मिशीत असे हसत, जसं काही ते बोट त्यांचंच आहे.

हे सगळं हिवाळ्यात. चैत्र लागला आणि त्या तेलाचे रंग बदलले. थंड मुलखात बनलेली ती गाडी, तिला वऱ्हाडाचं ऊन काय ठाऊक! तेल तापून पाण्यासारखं पातळ होई, त्याला फेस येई, पंप कुत्र्याच्या पिल्लासारखा केकाटे, आणि चाक एकाएकी इतकं जड होई की दोन हात, छाती आणि कुलदैवत पणाला लावूनही वळत नसे. त्यातून वैशाखात सेठजींच्या मुलीचं लग्न. व्याही हिंगोलीकडून रेल्वेनं वाशीमला उतरणार, आणि तिथून त्यांना याच गाडीतून कारंज्याला आणायचं.

"वाटेत गाडी अडली," सेठजी म्हणाले, "तर तू तसाच परत स्टेशनावर जा भाऊ, आणि मुंबईचं तिकीट काढ."

ते रागानं बोलले असते तर मला कमी भीती वाटली असती. ते पान खात, हसत बोलले.

कौतिकाबाईंची आणि माझी पहिली भेट त्यांच्या वांग्यांत झाली. दुपारची वेळ, मळ्याजवळचं वळण, आणि चाक अडलं. गाडी सरळ कुंपण मोडून दोन वाफे ओलांडून थांबली. भेंडीतून एक खुरपं वर आलं, त्याच्यामागे हिरवं लुगडं.

"काहून रे! रस्ता कमी पडला काय तुले?"

"मावशी, चाक वळत नाही हो."

"वळत नाही म्हंजे? बैल वळते, हेला वळते, माहा नवरा बी वळते कदीमदी. अन् हे येवढं धूड वळत नाही?" त्यांनी गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवला आणि चटका बसून बोटं तोंडात घातली. लगेच आवाज बदलला. आजारी लेकराजवळ बोलावं तसा झाला. "अगं माय! इले तं ताप हाये. ऊन लागलं हो इले!"

मी काही म्हणायच्या आत त्यांनी एक कांदा बुक्कीनं फोडला, गाडीच्या कपाळावर चोळला, दुसरा कांदा पुढच्या चकचकीत नक्षीला चिंधीनं बांधला आणि मला गाडी निंबाखाली ढकलायला लावली. मग मला पन्हं दिलं, स्वतः घेतलं, आणि वांग्यांचं नुकसान या विषयावर असं काही बोलल्या की सावली हातभर सरकली. तेवढ्या वेळात तेल आपोआप निवलं. चाक वळलं.

"पाह्य," त्या म्हणाल्या, "कांदा लागू पडला."

त्यांच्या मते जगात दुखणं एकच, ऊन. कोंबडा अवेळी आरवला, त्याला ऊन लागलं. तलाठी तिरसट बोलला, त्याला ऊन लागलं. एकदा ऐन पौषात शेजारची सून रुसून माहेरी गेली तेव्हाही त्या म्हणाल्या, "मागच्या वैशाखातलं असंल, आता बाहीर निंगालं." वऱ्हाडात बाया स्वतःबद्दल "मी जातो, मी करतो" असंच बोलतात. कौतिकाबाईंच्या तोंडी ते फार शोभे. त्या काही करतो म्हणाल्या की समजावं, आता कोणाच्या बापाला ते थांबवता येणार नाही.

भाजी विकायची त्यांची रीतही न्यारी. गिऱ्हाइकाला आधी रागवायचं, मग भाजी द्यायची, मग वरून मूठभर कोथिंबीर कोंबायची, आणि तो खूश होऊन निघाला की मागून ओरडायचं, "पातळ करजो, नाहीतं मांगं आल्तं तसं पोट धरून येशीन!" सगळा रस्ता वळून त्या माणसाच्या पोटाकडे बघे.

घरात त्यांचे यजमान, संपतराव. सुतळीएवढे बारीक, शांत. त्यांना मोहाच्या दारूचा नाद होता आणि गोठ्यामागं ते गुपचूप ती गाळीत. सरकारनं दारूबंदी केली असेल नसेल, कौतिकाबाईंनी आपल्या घरात केली होती. एके दिवशी त्यांनी भट्टीची मडकी फोडली, आणि वेटोळी घातलेली तांब्याची लांब नळी मांडवावर टांगून तिच्यावर कारल्याचा वेल चढवला. "आता इच्यातून कडूच निंगंल," त्या म्हणाल्या, "पण गुणाचं." संपतराव संध्याकाळी त्या मांडवाखाली बसत आणि वर बघत.

लग्न जवळ येत होतं तसा मी रोज गाडी घेऊन त्यांच्या निंबाखाली जाऊ लागलो. दुसरं कोणी माझ्या भीतीचं ऐकून घेत नव्हतं. कौतिकाबाई ऐकत नव्हत्या, पण उत्तर देत होत्या.

त्यांचा दुसरा उपाय पालकाचा. उन्हाळ्यात बाजाराला पालक न्यायचा तर तो ओल्या पोत्यात गुंडाळतात, म्हणजे तो टवटवीत राहतो. "पालक राह्यते, तं हे काहून राह्यनार नाही?" असं म्हणून त्यांनी मोठं ओलं पोतं गाडीच्या तोंडावर, जाळी झाकून, घट्ट बांधलं. आता जाळीतून वारा आत जातो म्हणून इंजिनाचं पाणी थंड राहतं, हे मला पुरतं ठाऊक होतं. पण त्यांना नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. मी इंजिन चालू ठेवलं. थोड्या वेळानं आतून गुरगुर ऐकू आली, मग शिट्टी, आणि मग असा वाफेचा फवारा उडाला की निंबावरचे कावळे मंगरुळच्या दिशेनं गेले. कौतिकाबाई पालकातून पळाल्या, विहिरीला वळसा घालून परत आल्या आणि कमरेवर हात ठेवून माझ्यावरच उखडल्या.

"तोंडाले पदर बांधून कोणी पळते काय? तुले सांगाले नाही होत?"

"तुम्हीच तर बांधलंत."

"मी बाई माणूस! मले काय समजते गाडीतलं?"

त्या दिवशी मी त्यांच्या ओसरीवर बसून खरोखर रडवेला झालो. घरी परत कसं जायचं, आईला काय सांगायचं, हेच डोक्यात. कौतिकाबाईंनी गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला आणि पहिल्यांदाच मुकाट्यानं माझ्याजवळ बसल्या. ते त्यांना फार वेळ जमलं नाही.

"एक सांग. हे तेल डब्यातून निंगते, चाक वळवते, अन् लगेच डब्यात जाते?"

"हो."

"मदात कुठी थांबत नाही? दम खात नाही?"

"नाही."

"मंग तापंल नाही तं काय करंल! सेठचं नोकर हाये काय थे?" मग हात नाचवत म्हणाल्या, "अरे, बजारातून उन्हाचा आलेला मानूस सिदा चुलीपुढं जाऊन बसते काय? आंगणात बसते, वारा खाते, मंग घरात जाते. तेलाले आंगण दे बापा, आंगण!"

मी गुळाचा खडा तसाच धरून उठलो. बरोबर होतं. तेल परतीच्या वाटेवर असताना त्याला वाऱ्यात लांबवर फिरवून आणलं, तर निवेल. त्यासाठी हवी एक लांब, बारीक, वेटोळी नळी. तांब्याची असली तर फारच छान. बोलता बोलता माझी नजर मांडवाकडे गेली. कौतिकाबाईंची नजर माझ्या नजरेमागून गेली.

"नाही," त्या म्हणाल्या. "माह्ये कारले हायेत त्याच्यावर."

 त्या मांडवाभोवती दोनदा फिरल्या, एका कोवळ्या कारल्याला काहीतरी समजावलं, आणि मग स्वतःच विळा घेऊन वेल उतरवायला लागल्या. नळी खाली आली तेव्हा संपतराव जोत्यावरून ताडकन उठले. असा उजेड मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. नळी गाडीकडे चालली आहे हे कळल्यावर ते पुन्हा हळूहळू खाली बसले.

रॉकेलनं आतून धुऊन मी ती नळी तेलाच्या परतीच्या रबरी नळीत जोडली, तारेनं आवळली आणि वेटोळं जाळी सोडून बाजूला, डाव्या दिव्याखाली, वारा लागेल असं बसवलं. त्यावर कौतिकाबाईंनी घरातून एक पोतं आणून गुंडाळलं. पोतं ओलं कसं ठेवायचं याचं उत्तरही त्यांच्याकडे तयार होतं. उन्हाळ्यात महादेवाच्या पिंडीवर गळती टांगतात, बुडाला बारीक भोक असलेलं भांडं, थेंब थेंब पाणी गळत राहतं. तशीच एक पितळी गळती त्यांनी पुढच्या दांडीला बांधली. वरून बेलाचं पानही खोचलं. मी म्हटलं, हे कशाला? म्हणाल्या, "असू दे. त्याले बरं वाटते."

मी ऐन बारा वाजता गाडी काढली. निंबाला एक फेरी मारली, दुसरी मारली. पंप गप्प. बोट लावलं, गाडी वळली! मग मी वेड्यासारखा फिरतच राहिलो, निंब, विहीर, पुन्हा निंब, आणि कौतिकाबाई गाडीमागं पळत ओरडत होत्या, "आंगण भेटलं! तेलाले आंगण भेटलं!" संपतराव टाळ्या वाजवत होते. वांग्यांचा एक वाफा गेला. त्यावर कोणी काही बोललं नाही.

वाशीमला त्या माझ्याबरोबर आल्या, कारण वाटेत गळती भरायला माणूस हवा होता. सेठजींना विचारलं तेव्हा ते मांडववाल्याशी भांडत होते. "कोणालाही ने," म्हणाले, "पण गाडी आण." कौतिकाबाई जांभळं लुगडं नेसून माझ्याशेजारी बसल्या. मांडीवर एक घागर, पायाशी दुसरी, ओच्यात कांदे. जाताना मजाच झाली. गाडीच्या पुढं गळती आणि बेलपान बघून गावोगावचे लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून हात जोडत. कौतिकाबाई खिडकीतून हात वर करून सगळ्यांना आशीर्वाद देत होत्या.

स्टेशनावर व्याही उतरले. भारदस्त गृहस्थ, फेटा, सोन्याची साखळी. बरोबर त्यांची थोरली बहीण. तिला सगळे आत्याबाई म्हणत, आणि व्याहीसुद्धा तिच्यासमोर आवाज चढवत नसत. दोघं मागं बसली. वाशीम मागं पडलं. चाक लोण्यासारखं फिरत होतं. मी मनातल्या मनात आईला पत्र लिहायला लागलो होतो.

तेवढ्यात वास आला.

आधी मला वाटलं, भास. मग तो वाढला. गोडसर, आंबूस, घशात उतरणारा. मोहाचा! मी कौतिकाबाईंकडे पाहिलं. त्यांनी नाक वर केलं, दोनदा हुंगलं, आणि त्यांचे डोळे मोठे झाले. घाईत त्यांनी जे पोतं आणलं होतं, ते संपतरावांचं मोहाची फुलं ठेवायचं पोतं होतं. जाईपर्यंत पुरतं भिजून आंबलेलं ते पोतं आता गरम नळीवर वाफाळत होतं, आणि परतीचा समोरचा वारा ती सगळी वाफ गाडीत आणत होता.

"दारू!" मागून आत्याबाई कडाडल्या. "हा डायवर प्यालाय! ए, गाडी थांबव. नाही, थांबवू नको, इथं रानात कोण विचारतो. कारंज्याला पोचू दे, सेठजींच्या कानावरच घालते. उद्या हा माणूस दारात दिसायला नको!"

मला बोलायला पाहिजे होतं. मी बोललोही. "बाईसाहेब, दारू नाही, ते तेल तापतं, म्हणून त्याला अंगण दिलंय, ती नळी आधी कारल्याची होती, त्याच्या आधी संपतरावांची, आणि पोतं पालकाचं नव्हे..." जीभ अडखळत होती, घाम गळत होता. ऐकणाऱ्याला वाटावं, अर्धी घागर तरी रिचवली असेल.

"ऐकलंस?" आत्याबाई म्हणाल्या.

 झालं. चाक वळत होतं आणि नोकरी चालली होती.

मग कौतिकाबाई घागरीसकट मागं वळल्या. अगदी शांतपणे म्हणाल्या, "डायवर नाही पेला, बाई. मी पेली."

व्याह्यांनी फेटा सावरत मान पुढं काढली.

"दात दुखत होता," त्या म्हणाल्या. "सकायी घेतली जराशी."

आत्याबाईंनी पदर नाकाला लावला आणि पलीकडच्या खिडकीला जाऊन चिकटल्या. माझ्याबद्दल पुन्हा अवाक्षर काढलं नाही. व्याही बाहेर बघत होते, पण त्यांच्या मिशा हलत होत्या. आणि मी? त्या काळात, परक्या माणसांसमोर, जांभळं लुगडं नेसून आलेल्या बाईनं हे म्हणणं म्हणजे काय, ते मला कळत होतं. रस्ता एकाएकी धूसर दिसायला लागला. "समोर पाह्य," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "नाहीतं पुन्हा कोणाच्या वांग्यात घालशीन."

मंगरुळला थांबलो. आत्याबाई विहिरीवर चूळ भरायला गेल्या. कौतिकाबाई गळती भरत होत्या. व्याही हळूच पुढं आले, इकडंतिकडं पाहिलं आणि घसा खाकरून म्हणाले, "बाई, ते दाताचं औषध... थोडं उरलंय का? माझाही एक दात आहे."

कौतिकाबाईंनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. "दात नाही साहेब," त्या म्हणाल्या, "तुमाले ऊन लागलं." आणि ओच्यातला कांदा काढून त्यांच्या हातात दिला.

कारंज्यात शिरलो तेव्हा वाजंत्री पुढं, माणसं दोन्ही बाजूंना, अरुंद गल्ल्या, पावलापावलानं चालणं. याचीच मला सगळ्यात धास्ती होती. पण गाडी हरणीसारखी वळत गेली. मांडवाच्या दारात सेठजी दोन्ही हात पसरून उभे होते. "भाऊ! एक बोट दाखव!" मी दाखवलं. व्याही उतरून सेठजींना कडकडून भेटले. त्यांच्या एका हातात अजून कांदा होता.

दुसऱ्या दिवशी मी सेठजींना सगळं खरं सांगितलं, नळी, पोतं, मोह, सगळं. ते पोट धरून हसले आणि म्हणाले, "भाऊ, गाडी आली ना?" झालं. पण गावाला खरं नको होतं. नळीची आणि पोत्याची गोष्ट कोण ऐकतो, जेव्हा कौतिकाबाई पिऊन सेठच्या गाडीत बसली ही गोष्ट हाताशी आहे! बाजारात बाया विचारत, "काय कौतिकाबाई, दात कसा हाये?" त्या म्हणत, "एक राह्यला, तुह्यासाठी ठुला." मी एकदा फार कळवळलो तेव्हा मलाच झापलं. "माह्यं काय गेलं? वांगं काय मले विचारते, बाई पेली होती काय म्हणून? तुही नोकरी गेली असती तं तुह्या मायनं काय खाल्लं असतं? चाल, ते टोपलं उचल."

पुढच्या साली सेठजींचा मुलगा नागपूरला बिऱ्हाड करून राहायला गेला. गाडी त्याच्याकडे गेली आणि गाडीबरोबर मी. निघालो त्या सकाळी मळ्यापाशी गाडी उभी केली. मागं मालक, मालकीणबाई, मुलं आणि ट्रंका, तीळ ठेवायला जागा नव्हती. कौतिकाबाई पाट वळवीत होत्या, चिखलानं गुडघ्यापर्यंत माखलेल्या. मी म्हटलं, "कौतिकाबाई, जातो. तुमच्यासाठी काय करू, सांगा."

"काय करतं तू?" म्हणाल्या. मग फावडं टेकवून गाडीकडे बघत राहिल्या. "सांगू? तुह्या गाडीत बसली मी. पण पुढं बसली, मांडीवर घागर, पाय वले. सारं ध्यान पाण्यात. एक डाव मले मांगं बसव, मोकळ्या हातानं. रिठदले ने, माह्या माहेरी. बजाराच्या दिशी. अन् हळू चालव, भावजयीले नीट दिसलं पाह्यजे."

मागून मालकांनी खिडकीची काच वाजवली. मी गाडीत बसलो. वळून पाहिलं तर निरोपाचा हात करायला त्यांना सवड नव्हती. पालकात बकरी शिरली होती. फावडं उगारून, लुगडं खोचून, त्या तिच्या मागं धावत होत्या आणि बकरीच्या मालकाचा सात पिढ्यांचा उद्धार नागपूरच्या रस्त्यापर्यंत ऐकू येत होता.

अजून माझ्याकडे स्वतःची गाडी नाही. दुसऱ्याच्या गाड्या चालवतो, आणि दुसऱ्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर मला कोणाला बसवता येत नाही. पण होईल. जुनी असेल, लहान असेल, तिचं चाक दोन्ही हातांनी ओढावं लागेल, चालेल. मी कारंज्याला येईन, कौतिकाबाई, मागचं दार उघडून धरीन, आणि तुम्हाला मोकळ्या हातानं रिठदच्या भर बाजारातून नेईन. हळू. आणि तुमची भावजय बाजारात दिसली नाही, तर पुन्हा फेरी मारीन.